कार्डिफ ते पोपेरिंगे

कार्डिफ

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

आज आर्म्स पार्कवर जाऊन आले. १६ डिसेंबर १९०५ रोजी न्यूझीलंडचा रग्बी संघ इथे वेल्सकडून ०-३ असा हरला. त्या दौऱ्यातल्या ३५ सामन्यांतला हा एकमेव पराभव. कर्णधार डेव्ह गॅलहर. जन्म आयर्लंडमधल्या रॅमल्टनचा, पण लहानपणीच घरच्यांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. शिक्षिका असलेली आई आजारी पडली आणि तेराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. पुढे बोअर युद्धातही लढून आला.

इंग्लंडात त्याची मैदानावरची जागाच वादाची ठरली. स्क्रममध्ये चेंडू टाकून तो कडेला राहायचा आणि आपल्या हाफबॅकला आडोसा द्यायचा. वर्तमानपत्रांनी तोंडसुख घेतलं. वेल्सविरुद्ध तर चेंडू वाकडा टाकतो म्हणून पंचांनी इतक्या वेळा शिक्षा केली, की शेवटी त्यानं आपल्या गड्यांना स्क्रममध्ये चेंडूसाठी झटूच नका असं सांगितलं. त्यातच न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचा ट्राय नाकारला गेला. त्यावर दोन्ही देशांत पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. गॅलहर सामना संपल्यावर एवढंच म्हणाला, की सरस संघ जिंकला.

बाबा, हा माणूस मला इथे पटला. दौऱ्यावर निघताना बोटीवर काही खेळाडूंनी त्याच्या कर्णधारपदाला हरकत घेतली, तेव्हाही तो पद सोडायला तयार होता. संघानं मतदान करून त्यालाच ठेवलं.

पोपेरिंगे, बेल्जियम

ती. बाबांस,

गावाबाहेर नाइन एल्म्स दफनभूमी आहे. सगळ्या दगडांची उंची सारखी, त्यामुळे गॅलहरचा दगड शोधायला वेळ लागला. वर फर्नचं पान कोरलंय.

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, तो पुन्हा सैन्यात गेला. वयामुळे सक्ती नव्हती, घरी बायको आणि लहान मुलगी होती. तरी गेला. ४ ऑक्टोबर १९१७ ला ब्रूडसेंदच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा शिरस्त्राण भेदून डोक्यात गेला आणि त्याच दिवशी इथल्या ऑस्ट्रेलियन वैद्यकीय छावणीत तो वारला. वय ४३. हुद्दा सार्जंट.

ऑकलंडमधले क्लब १९२२ पासून त्याच्या नावाच्या ढालीसाठी खेळतात, युरोपात आलेले ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाचे खेळाडू, इथे येऊन जातात. हे योग्यच आहे. पण घरच्यांच्या वाट्याला काय आलं, तेही लिहायला हवं: त्याचे आणखी दोन भाऊ याच महायुद्धात मारले गेले.

तुमची लेक