खोलीचा स्वर

चंदीगड हे मुख्यतः डोळ्यांसाठी वसवलेले शहर आहे. सरळ रस्ते, वृक्षांच्या रांगा आणि उत्तरेला शिवालिकची निळी रेघ पाहून माणूस सुखावतो. कानांचा विचार मात्र इथे मागाहून झाला. ल कॉर्ब्युझिए याने रचलेली उच्च न्यायालयाची वास्तू १९५५ मध्ये वापरात आली. काँक्रीटच्या त्या उंच दालनांत शब्द घुमू लागतील हे ओळखून वास्तुकाराने स्वतः रेखाटलेले प्रचंड लोकरी भित्तिपट काश्मिरी विणकरांकडून विणून घेण्यात आले. मुख्य न्यायाधीशांच्या दालनातील पट १४४ चौरस मीटरचा, उरलेले आठ प्रत्येकी ६४ चौरस मीटरचे. वकिलाचे वाक्य न्यायासनापर्यंत धड पोहोचावे यासाठी भिंतीला लोकर नेसवावी लागली.

सेक्टरांतल्या लहान घरांच्या वाट्याला असले पट येत नाहीत. गिलावा केलेल्या विटांच्या भिंती, मोझाइकची फरशी, डोक्यावर सपाट स्लॅब. रिकाम्या खोलीत टाळी वाजवावी तर ती समोरासमोरच्या भिंतींमध्ये तडतडत राहते. अशाच एका बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत एका मराठी गृहस्थांनी उत्तम स्पीकर आणायचे ठरवले. सेक्टर ३० मधील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेतून ते निवृत्त झाले होते. मोजमापांवर त्यांची श्रद्धा होती. खोली परदेशी स्थायिक झालेल्या मुलाची. योजलेली रक्कम एवढी, की तेवढ्यात एखादी लहान मोटार दारात उभी राहिली असती. पत्नीने रकमेबद्दल चकार शब्द काढला नाही. "त्याचं कपाट मात्र हलवायचं नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

स्पीकर दुकानात ऐकून निवडणे म्हणजे वधू लग्नमंडपात पाहण्यासारखे आहे. दुकानातील दालन मोठे, जाड पडद्यांचे, गालिचे अंथरलेले. तिथे जो खर्ज भारदस्त वाटतो तोच घरी येऊन आडदांड होतो. सुदैवाने विक्रेता समजूतदार होता. तीन जोड्या त्याने चार-चार दिवसांसाठी घरी पाठवल्या. महिना डिसेंबरचा. चंदीगडमध्ये ऐकण्याचा खरा ऋतू हाच. उन्हाळ्यात पंखा आणि कूलर यांच्या घरघरीत तंबोऱ्याचा निम्मा नाद बुडून जातो.

पहिली जोडी छातीपर्यंत उंच होती. मल्लिकार्जुन मन्सूर यांची ध्वनिमुद्रिका लावली आणि पहिल्या पाच मिनिटांत गृहस्थ प्रसन्न झाले. मग डग्ग्याकडे लक्ष गेले. तबलजीने मनगट दाबून डग्ग्याचा स्वर वर चढवला, की मधल्या एका जागी तो एकदम फुगे आणि लगेच ओसरे. हा दोष तबलजीचा नव्हता, पेटीचाही नव्हता. हवेतला नाद सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो; दोन भिंतींमधील अंतराच्या दुपटीएवढी ज्याची लहर असेल तो स्वर त्या दोन भिंती उचलून धरतात. दहा फुटांसाठी तो येतो सुमारे ५६ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट ११२. इथे रुंदी आणि उंची सारखीच असल्याने दोन्ही दिशा एकाच स्वराला टेकू देत होत्या. प्रत्येक खोलीला तिचा षड्ज असतो, आणि या खोलीने तो न विचारता मैफलीत मिसळला होता. पेट्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढल्या, खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली. फुगवटा कमी झाला, गेला नाही.

बाजूच्या भिंतींसाठी एक जुनी, सोपी युक्ती आहे. एकाने खुर्चीवर बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथूनच त्याचा नाद परतून कानावर आदळतो. डावीकडे ती जागा नेमकी मुलाच्या कपाटावर आली. त्याच्या उघड्या फळ्यांवर पुस्तके दाटीने भरलेली होती, आणि नाद विखुरण्यास याहून बरे साधन विकत मिळत नाही. उजवीकडे पत्नीने माहेरची जाड गोधडी टांगली.

त्यांचे माहेर मिरजेचे. ज्या गावाच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या तंतुवाद्यांच्या कारखान्यांसमोरून त्यांची शाळेची वाट जात असे. गाणे त्या शिकल्या नव्हत्या. पण घोडीवर तारेखाली सूत सरकवत कारागीर जवारी कशी उघडतो, हे त्यांनी शेकडो वेळा ऐकले होते. दुसऱ्या जोडीच्या वेळी त्या सहज आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"अहो, याच्यात तार काचेवर घासल्यासारखी वाजतेय."

गृहस्थांना तसे काहीच जाणवत नव्हते. उलट ही जोडी त्यांना स्वच्छ, मोकळी वाटली होती. आदल्या वर्षी पीजीआयमध्ये काढलेला श्रवणालेख त्यांनी खणातून बाहेर काढला. ४००० हर्ट्झच्या पुढे रेषा उतरणीला लागली होती. वयाबरोबर बहुतेकांची लागतेच. तंबोऱ्याची जवारी म्हणजे मूळ स्वरावर उमलणाऱ्या उपस्वरांची झालर, आणि त्या झालरीची वरची कड त्यांच्यापुरती विरली होती. घरातले जाणकार म्हणून चाळीस वर्षे त्यांचा शब्द अखेरचा होता. तो आलेख ते बराच वेळ पाहत बसले.

त्यानंतर परीक्षा त्यांनी आपल्या हाती ठेवली आणि निकाल पत्नीकडे सोपवला. दोन पेट्यांपैकी जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटते, म्हणून मापकाने आवाज समान केला. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्पीकर डोळ्यांना दिसत असला की ऐकणाऱ्याचा कौल बदलतो असे आढळले होते. म्हणून पेट्यांपुढे मलमलीचे पातळ कापड आले. पत्नीला हा सारा पोरखेळ वाटला, पण त्या बसल्या.

तिसरी जोडी बंदिस्त आणि छोटी होती, फूटभर उंचीची. तिचे कूळ बीबीसीचे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तिथल्या अभियंत्यांनी बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांतील अरुंद जागेसाठी एलएस ३/५ए नावाची पेटी घडवली. खोल खर्जाचा मोह सोडून तिने माणसाचा आवाज जपला. लहान खोलीत असा संयम फळाला येतो. जो स्वर पेटी देतच नाही, तो भिंतींना फुगवता येत नाही.

कापडाआडून तंबोरा सुरू झाला. पत्नी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"खर्जाची तार जरा हडकुळी आहे," अखेर त्या म्हणाल्या, "पण सूत जागेवर बसलंय."

गृहस्थांनी वहीत दोन्ही वाक्ये टिपली. तिसरी जोडी ठेवली, उरलेल्या परत गेल्या. तीत पैसेही पुष्कळ वाचले.

दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. आणि लहान खोलीत त्या टोकाशी खुर्ची एकच मावते. तिथे आता पत्नी बसतात, बहुधा मांडीवर निवडायची मेथी घेऊन. गृहस्थांची खुर्ची कपाटाला लागून, किंचित तिरकी आहे. नवी तबकडी लावली की ते तंबोऱ्याकडे कान देत नाहीत, पत्नीच्या हातांकडे पाहतात. जवारी लागली की मेथी निवडणे थांबते.