कोणत्या स्त्रियांच्या बाजूने?

२००६ साली ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या खासदार थेरेसा मे यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध झालं. अंगात फॉसेट सोसायटी या स्त्री-हक्क संघटनेचा टी-शर्ट, त्यावर मजकूर : 'स्त्रीवादी माणूस असा दिसतो'. २०१४ मध्ये विरोधी पक्षनेते एड मिलिबँड आणि उपपंतप्रधान निक क्लेग यांनीही तो घातला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी नकार दिला.

मे यांचा दावा पोकळ नव्हता. २००५ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाच्या अवघ्या १७ स्त्रिया निवडून आल्या होत्या. स्त्रियांना उमेदवारी मिळावी म्हणून त्याच वर्षी मे यांनी ॲन जेन्किन यांच्यासह 'विमेन टू विन' ही मोहीम सुरू केली. २०१० मध्ये ही संख्या ४९ झाली. त्या गृहमंत्री असताना, २०१५ मध्ये, जोडीदाराला सतत धाकात आणि ताब्यात ठेवणं हा गुन्हा ठरला. अंगावर वळ नसतानाही घरात पिचणाऱ्या बाईची दखल कायद्याने घेतली.

त्याच गृहखात्याच्या अखत्यारीत बेडफर्डशायरमध्ये यार्ल्स वूड हे स्थानबद्धता केंद्र होतं. आश्रय मागायला आलेल्या स्त्रिया तिथे कोंडलेल्या असत. त्यांत बलात्कार आणि छळ सोसून आलेल्याही होत्या, गरोदरही होत्या. गरोदर स्त्रियांच्या कोठडीवर ७२ तासांची मर्यादा आली ती २०१६ मध्ये, संसदेत दबाव वाढल्यावर.

एप्रिल २०१७ मध्ये, मे पंतप्रधान असताना, गरीब कुटुंबांना मुलांसाठी मिळणारं साहाय्य पहिल्या दोन मुलांपुरतं मर्यादित झालं. तरतूद आधीच्या सरकारची. अंमल मे यांच्या काळातला. तिसरं मूल बलात्कारातून झालं असेल, तर सवलत होती. पण त्यासाठी आईने ते डॉक्टर किंवा समाजसेवकासारख्या कुणा व्यावसायिकाला सांगायचं, त्याच्याकडून अर्ज भरून घ्यायचा आणि तो सरकारदरबारी द्यायचा. चार पैशांसाठी बाईला आपली सर्वांत खोल जखम कागदावर मांडायला लावणारा हा नियम क्रूर होता.

मे यांचा स्त्रीवाद खोटा होता असं मात्र म्हणता येत नाही. कर्तबगार स्त्रीच्या वाटेतले अडथळे दूर करा, पुढचं ती बघून घेईल, अशी ती धारणा. या धारणेच्या लेखी विधिमंडळातली खुर्ची महत्त्वाची. ज्यांच्या लेखी मुलांचं पोट, घरभाडं आणि परदेशी बाईचा जीव हेही स्त्रीप्रश्नच आहेत, त्यांचा स्त्रीवाद वेगळा. यार्ल्स वूडच्या कुंपणाबाहेर निदर्शनं करणाऱ्या स्त्रियाही स्वतःला स्त्रीवादीच म्हणत होत्या.

याउलट, जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांनी 'स्त्रीवादी' हे बिरुद बराच काळ टाळलं. २०१७ मध्ये बर्लिनच्या व्यासपीठावर थेट प्रश्न आला, तेव्हा त्या अडखळल्या. जर्मन स्त्रीवादी पत्रकार ॲलिस श्वार्झर यांच्यासारख्यांनी कठीण लढे दिले, ते श्रेय आपल्याला नको, असा त्यांचा सूर होता. त्याला संदर्भ होता : १९७१ मध्ये श्वार्झर यांच्या पुढाकाराने ३७४ स्त्रियांनी आपण गर्भपात केल्याचं नियतकालिकातून जाहीर केलं होतं, तेही गर्भपात हा गुन्हा असताना. पद सोडण्याच्या सुमारास, २०२१ मध्ये, मेर्केल यांनी स्त्री-पुरुषांची समान भागीदारी या अर्थाने होकार दिला. पण एक वर्षावरील प्रत्येक मुलाला पाळणाघराचा कायदेशीर हक्क त्यांच्याच राजवटीत, २०१३ मध्ये, लागू झाला होता.

म्हणून कुणी पुढारी स्वतःला स्त्रीवादी म्हणवू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या अर्थसंकल्पात आणि कोठड्यांत डोकावून पाहावं. तिथल्या सर्वांत गरीब बाईचं काय झालं, हे त्याला नावानिशी, आकड्यानिशी विचारावं.