थंडीतली सायकल

खानदेश प्रसिद्ध आहे तो उन्हाळ्यासाठी. म्हणून आपल्या घरांत थंडीची तयारी तोकडीच असते. धुळ्यात तर पारा कधीकधी ६ अंशांपर्यंत उतरतो. डिसेंबर लागला की माझे साठी ओलांडलेले कित्येक रुग्ण सायकल भिंतीला टेकवतात आणि संक्रांतीपर्यंत गुडघे आखडून, साखर वाढवून दवाखान्यात येतात.

सायकल सोडू नका, वेळ बदला. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. तेव्हा ऊन पसरल्यावरच निघावे. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

महागडे जाकीट नको. कपड्यांच्या थरांत अडकलेली हवाच ऊब धरते. आत सुती बंडी, वर जुना स्वेटर आणि वारा अडवायला छातीशी वर्तमानपत्राची घडी. युरोपातील शर्यतींचे सायकलपटूही घाट उतरताना हेच करीत. कानटोपी घालावी. मफलरचे टोक आत खोचावे, ते चाकात अडकते. हातमोजे ब्रेक दाबता येईल इतकेच जाड असावेत. घामेजलेली बंडी परतताच बदलावी. छातीत दडपण वा धाप जाणवल्यास तत्काळ थांबून उपचार घ्यावेत.

आणि घरच्या मंडळींनो, ‘या वयात सायकल कशाला?’ असे म्हणण्याआधी आजोबांचे हातमोजे तेवढे शोधून द्या.