पुसलेला लाल

तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी आमच्या टेबलावर सध्या एक विमान उभे आहे. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची लांबी सतरा सेंटिमीटर भरते. हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बनावटीच्या लढाऊ विमानाची ही प्रतिकृती, एकास बहात्तर या प्रमाणातली. सरावलेला शाळकरी मुलगा दोन रविवारांत जे काम उरकेल त्याला आम्हा नवराबायकोला चार महिने लागले. मराठी साहित्य शिकवण्यात वीस वर्षे घालवल्यावर, चाळिशीच्या उत्तरार्धात, हा उद्योग आम्हांला का सुचला हे मित्रांना सांगताना आम्ही आजवर टाळाटाळ केली. ते येथे सविस्तर मांडावे असे वाटते.

आमच्यापैकी एकीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, महायुद्धाच्या काळात भारतीय हवाई दलात होते. ते वैमानिक नव्हते. विमानाचे धड, पंख आणि शेपूट यांची दुरुस्ती करणाऱ्या हाताखालच्या माणसाला रिगर म्हणत, ते काम त्यांच्याकडे होते. सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून भरती होऊन ते इंफाळपर्यंत गेले आणि १९४६ मध्ये परत येऊन शेतीला लागले. कागदपत्रे पावसाळ्यात भिजून गेली. उरलेल्या अर्ध्या पानावर त्यांच्या हुद्द्याचे नाव वाचता येते, तुकडीचे येत नाही. युद्धाविषयी ते बोलत नसत. घरातल्या सर्वांना आठवते असे त्यांचे एकच वाक्य आहे: "लढाईत आम्ही विमानांचं कुंकू पुसलं." हे ऐकले की आजी तडकाफडकी म्हणत असे, "तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये." विषय तेथेच संपे. आजोबा १९९१ मध्ये गेले. ते वाक्य म्हणजे म्हाताऱ्याची काहीतरी चेष्टा असावी, असे आम्ही पुढे कित्येक वर्षे धरून चाललो होतो.

प्रतिकृतीचे खोके उघडले की प्रथम हाती येतात त्या राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी. पानाला शिरा असाव्यात तशा काड्यांना विमानाचे पन्नाससाठ सुटे भाग चिकटलेले असतात. ते एकेक कापून काढायचे, कापल्याची खूण बारीक पॉलिश पेपरने घासायची, धडाचे दोन अर्ध जोडायचे, सांध्यात लांबी भरायची आणि पुन्हा घासायचे. सुरुवात नेहमी कॉकपिटपासून करावी लागते, कारण धड मिटल्यावर आत हात जात नाही. म्हणजे जे शेवटी जवळजवळ दिसणारच नाही त्यावर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मेहनत घ्यायची. या प्रमाणात सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड बसला, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटर जाडीचा लेप ठरेल. आमचा पहिला थर याहूनही जाड होता. तो थिनरने पुसून पुन्हा सुरुवात केली. काचेची टोपी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवण्याची घाई केली, तेव्हा त्या गोंदाच्या वाफेने काच पांढुरकी झाली आणि तीवर अंगठ्याचा ठसाही उमटला. ती टोपी दुसऱ्या खोक्यातून घ्यावी लागली.

या कामात हरिकेनच्या रचनेशी आमची जी ओळख झाली ती केवळ पुस्तकांतून झाली नसती. सिडनी कॅम यांनी आराखडा केलेले हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले, तेव्हा विमानविद्या एका उंबरठ्यावर होती. पुढे लोकांच्या मनात घर करून बसलेले स्पिटफायर हे पूर्ण धातूच्या कातडीचे. हरिकेनचा मागचा अर्धा भाग मात्र पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी कमानी व पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेले, लेप देऊन कडक केलेले कापड असा होता. प्रतिकृतीच्या धडावर कॉकपिटच्या मागे लांबट उभार दिसतात ते त्या लाकडी पट्ट्यांचे. प्रथम आम्हांला तो साच्याचा दोष वाटला आणि आम्ही ते घासून सपाट करायला निघालो होतो. वेळीच थांबलो. कापडाच्या त्या जुनाट रचनेमुळे गोळ्या आरपार जात आणि विमान बऱ्याचदा परत येई. भोकाला ठिगळ लावून, लेप देऊन ते पुन्हा उडवता येई. १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशातील लढाईत स्पिटफायरपेक्षा हरिकेननीच शत्रूची अधिक विमाने पाडली. पण वर्षभरात युरोपातल्या नव्या जर्मन विमानांपुढे ती मागे पडू लागली आणि आफ्रिका, मलाया, ब्रह्मदेश अशा दूरच्या आघाड्यांकडे वळवण्यात आली. भारतीय तुकड्यांच्या वाट्यालाही ती तेव्हाच आली.

आजोबा स्वतःचे कपडे स्वतः शिवत. धोतराला, सदऱ्याला त्यांनी लावलेले ठिगळ बोट फिरवले तरी कळत नसे. टाके एकसारखे, जवळजवळ, दुहेरी. लष्करात शिस्त लागली असेल, एवढेच आम्ही त्यावर म्हणत असू. प्लॅस्टिकच्या त्या उभारांवर ब्रश फिरवताना प्रथमच लक्षात आले की तो हात कापडाच्या विमानावर तयार झाला असेल. 'असेल' हे क्रियापद आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. त्याकडे पुढे येऊ.

रंगाबाबत या छंदात एक जुना वाद आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांना तो ओळखीचा वाटेल. खऱ्या विमानावर होता अगदी तोच रंग, तीच छटा छोट्या प्रतिकृतीला दिली, तर ती खोटी दिसते, गडद आणि खेळण्यासारखी. खरे विमान आपण दुरून, मधल्या हवेच्या पडद्यातून पाहतो. त्या अंतराने रंग फिका होतो. म्हणून अस्सल मातकट तपकिरीत आणि गर्द हिरव्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. किती मिसळायचा याला नियम नाही, डोळा हाच पुरावा. वास्तववाद शिकवताना तपशिलाचा खरेपणा आणि कृतीचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. त्याचा अर्थ डब्याच्या झाकणात रंग कालवताना जसा कळला तसा टिपणे काढताना कळला नव्हता. पण त्याचबरोबर एक शंकाही आली. मूळ रंग ठाऊक असेल तरच तो किती फिका करायचा हे ठरवता येते. मूळच ठाऊक नसेल तर पांढरा मिसळण्याला काय म्हणायचे?

आजोबांचे वाक्य उलगडले ते चिन्हांच्या पानाशी. खोक्यासोबत पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे येतात. आमच्या पानावर युरोपातल्या युद्धाची चिन्हे होती: निळ्या वर्तुळाच्या मध्यभागी ठसठशीत लाल गोल. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांची छायाचित्रे पाहिली तर तो लाल कुठेच नाही. गडद निळे वर्तुळ, आत फिकट निळा गोल. कारण साधे होते. जपानी विमानांच्या पंखांवर उगवत्या सूर्याचा तांबडा गोल असे. जमिनीवरच्या तोफचीला किंवा शेजारून उडणाऱ्या वैमानिकाला क्षणभर लाल ठिपका दिसला की बोट चापावर जाई आणि आपलेच विमान पडे. अमेरिकनांनी याच भीतीने मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका काढला. ब्रिटिश व भारतीय विमानांवरचा लाल १९४३ मध्ये गेला. हजारो पंखांवरून आणि धडांवरून तो कोणीतरी हाताने पुसला. ते कोणीतरी म्हणजे रिगर आणि त्यांचे सोबती.

म्हणजे आजोबा चेष्टा करत नव्हते, कामाचे वर्णन करत होते. गोल, लाल, मध्यभागी असलेले आणि पुसले जाणारे जे काही असते, त्याला त्यांच्या भाषेत एकच शब्द होता. आजीने त्यातला अपशकुन ऐकला, कारण तिच्या भाषेतही तोच शब्द होता. वस्तुस्थिती मात्र उलटी होती. हे कुंकू पुसले नसते, तर कुठल्यातरी घरातले खरे कुंकू पुसले गेले असते. हे आजीला सांगायचे त्यांना कधी सुचले नाही की सुचूनही सांगवले नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

आम्ही आधी लाल चिन्हेच चिकटवली आणि मग ब्रश घेतला. फिकट निळ्याचा पहिला थर वाळला तेव्हा खालून जांभळट झाक वर आली. दुसऱ्या थरानंतरही ती गेली नाही. शेवटी आधी पांढऱ्याने लाल पुरता झाकून, वाळू देऊन, मग निळा द्यावा लागला. लाल सहजासहजी जात नाही, हे या उद्योगात शिकलेले आणखी एक सत्य.

येथपर्यंत ही एका कुटुंबाला सापडलेल्या अर्थाची गोष्ट झाली असती आणि आम्हीही ती तशीच लिहिली असती. पण इंफाळ हे नाव मराठी वाचकाच्या मनात वेगळ्या कारणाने आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी इंफाळच्या दक्षिणेला मोइरांग येथे आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. विश्वास पाटील यांची 'महानायक' (१९९८) वाचून वाढलेली पिढी आमच्यासमोर बसून गेली आहे. तिच्यासाठी, आणि खरे तर आमच्यासाठीही, इंफाळची लढाई म्हणजे सुभाषबाबूंच्या सैनिकांची चाल. त्याच वर्षी, त्याच खोऱ्यात, भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन घेऊन उतरली होती. तिचे नेतृत्व अर्जन सिंग करत होते. पुढे ते देशाचे हवाईदलप्रमुख झाले. शत्रूच्या हालचाली टिपणे हे या विमानांचे मुख्य काम होते. इंफाळला वेढा पडला, जमिनीचा रस्ता तुटला, तो २२ जून १९४४ रोजी पुन्हा खुला झाला. त्या काळात ज्या डोंगरवाटांवर ही विमाने घिरट्या घालत होती, त्यांवरून जपान्यांबरोबर आझाद हिंदचे सैनिकही चालत होते. उपासमार आणि मलेरिया यांनी त्यांतले कितीतरी जण परतीच्या वाटेवर मेले.

आजोबा गावी परतले तेव्हा लाल किल्ल्यातील खटल्याने सारा देश ढवळून निघाला होता. पारावर कोणाच्या जयघोषात कोण बसले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. आपण ठिगळ लावून उडवलेल्या विमानाने कोणाला पाहिले, कोणाचा ठावठिकाणा कळवला, हा प्रश्न त्यांना पडला होता का? त्यांच्या मौनाचे कारण हेच होते का? की पगारासाठी केलेल्या नोकरीविषयी शेतकरी जितपत बोलतो तितपतच ते बोलले?

कादंबरीकार असता तर त्याने येथे एक रात्र लिहिली असती: पाऊस, ताडपत्री, कंदील, कापडावर टाके घालणारा तरुण आणि दूर डोंगरातून ऐकू येणारी हिंदुस्थानी घोषणा. आम्ही ती लिहूनही पाहिली. दोन पाने झाली, बरी झाली. मग फाडली. त्या पानांतला तरुण आजोबांपेक्षा आमच्यासारखा जास्त दिसत होता. त्याला पडलेले प्रश्न आमचे होते आणि त्याची अपराधी भावनाही आमचीच होती. मूळ रंग ठाऊक नसताना आम्ही पांढरा मिसळत होतो. ऐतिहासिक कादंबरीने मौन भरून काढू नये असा आमचा दावा नाही, ते तिचे कामच आहे. पण ज्याच्या घरात आपण वाढलो त्याचे मौन भरून काढण्याचा अधिकार नात्यामुळे आपोआप मिळतो, असे आम्हांला वाटेनासे झाले आहे.

म्हणून प्रतिकृतीपुरते दोन निर्णय घेतले. तुकडीची आणि विमानाची ओळख सांगणारी अक्षरे आम्ही लावली नाहीत. ज्या विमानांची नोंद आहे त्यांची अक्षरे मिळवता आली असती, पण आजोबांचा हात कोणत्या विमानाला लागला ते आम्हांला ठाऊक नाही. आणि खोक्यातला इंचभर उंचीचा वैमानिक आत बसवला नाही. चाके खाली, टोपी मागे सरकवलेली, आसन रिकामे. विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर आहे. हा छंद करणाऱ्यांच्या दृष्टीने ही अपुरी प्रतिकृती होय.

गेल्या महिन्यात आई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांनी विमान उचलले नाही, खुर्ची जवळ ओढून नुसते पाहिले. मग विचारले, "बाबा याच्याशेजारी उभे राहिले असते, तर केवढे दिसले असते?" आजोबांची उंची पाच फूट चार इंच. आम्ही हिशेब करून सांगितले, सव्वादोन सेंटिमीटर. त्यांनी करंगळी टेबलावर पंखाच्या टोकाशी उभी धरली, मोजपट्टी लावून आमच्याकडून तेवढी खूण करून घेतली आणि बराच वेळ हात तसाच ठेवला.