ओल्या नोटा

पदवी घेतलेला मुलगा बँकेंत अधिकारी म्हणून लागला, कीं घरच्या मंडळींस त्याच्याविषयीं आणखी कांहीं चिंता करण्याचें कारण उरत नाहीं. आमच्याही घरीं तसेंच झालें. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि ‘परिविक्षाधीन अधिकारी’ असें भारदस्त पद आम्हांस प्राप्त झालें. त्या पदाचा उच्चार आमच्या आत्याबाईंस कधींच साधला नाहीं. परंतु शेवटीं ‘अधिकारी’ आहे, एवढ्यावर त्या संतुष्ट होत्या. खरी स्थिति अशी, कीं शाखेंत ज्याला शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत कोणींही काम सांगावें असा हा एकच प्राणी असतो. दोन वर्षें त्याला या मेजावरून त्या मेजावर फिरवितात. आज रोखीच्या खिडकीवर, उद्यां ठेवींकडे, परवां कर्जांकडे. अखेरीस एक गुप्त अहवाल लिहिला जातो आणि त्यावरून त्याला कायम करावयाचें कीं नाहीं हें ठरतें.

आमची नेमणूक २०१५ सालीं खारदांड्याजवळच्या एका शाखेंत झाली. ज्यांनीं दांडा पाहिला नसेल त्यांनीं इतकेंच ध्यानांत घ्यावें, कीं कार्टर रस्त्यावरचे समुद्राकडे तोंड केलेले इमले उत्तरेस संपत आले, कीं हा कोळीवाडा लागतो. समुद्र दोहोंपुढें एकच. इमल्यांतील लोक त्याच्याकडे पाहण्याचे पैसे देतात, आणि दांड्यांतील लोक त्याच्यांतून पैसे काढतात. इमल्यांतून धनादेश येत. दांड्याच्या बायका स्वतः येत. पुरुषानें दर्यावर जावें आणि मासळी बाजारांत नेऊन तिचे पैसे करणें हें बायकोनें पाहावें, ही कोळ्यांची जुनी वहिवाट; त्यामुळें आमच्या खिडकीपुढें ओळींत उभ्या असत त्या बहुधा बायकाच.

प्रशिक्षणाच्या वर्गांत नोटांचें शास्त्र आम्हांस पुष्कळ शिकविलें होतें. शंभर नोटांची गड्डी करावी, तिला कागदी पट्टी लावावी, टांचणी मात्र मारूं नये, इत्यादि. ओली नोट आली तर काय करावें याविषयीं गुरुजन मौन धरून होते. दांड्याची नोट कमरेच्या पिशवींतून निघे. तिला खारें पाणी, बर्फ आणि खवले यांचा सहवास घडलेला असे. मोजण्याचें यंत्र अशी नोट पाहतांच घुटमळे आणि बंद पडे. आमचे वृद्ध रोखपाल त्या नोटा जुन्या वर्तमानपत्रावर एकेक सुटी करून पंख्याखालीं पसरीत, आणि मग हातानें मोजीत. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत, आंत नोटा वाळत. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत चलनाचे जे गुणधर्म दिलेले असतात, त्यांत वासाचा उल्लेख नाहीं. आमच्या मतें तो असावयास हवा.

कर्जांच्या मेजावर आलों तेव्हां अर्जांतील ‘मासिक उत्पन्न’ या चौकटीनें आमची गांठ घातली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीस बंदी. होड्या वर ओढलेल्या. पुढें नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगाम खऱ्या अर्थानें सुरू व्हावयाचा. जाळ्यांचा आणि डिझेलचा खर्च मात्र आधींच करावा लागतो, आणि त्यासाठीं दलालाची उचल किंवा अंगावरचें सोनें, हे दोनच मार्ग. महिन्याची मिळकत किती, असें विचारतां एक बाई म्हणाल्या, “दर्याला विचारून सांगते.” तें उत्तर कोणत्या चौकटींत बसवावें? मच्छीमारांस किसान क्रेडिट कार्ड देण्याचें सरकारनें जाहीर केलें तें २०१८ च्या अर्थसंकल्पांत.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. पांचशें आणि हजारांच्या नोटा रद्द झाल्या. १० तारखेस शाखा उघडली तेव्हां रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. त्या पहिल्या पंधरवड्यांतील एका दुपारीं साठी उलटलेल्या एक मावशी आमच्यापुढें येऊन बसल्या आणि त्यांनीं पदराखालून पत्र्याचा डबा काढला. आंत ४१,५०० रुपये होते. कित्येक वर्षांचे, बाजारांतून येतांना बाजूला काढलेले. त्यांचें कोठेंही खातें नव्हतें. “पोरा,” त्या हळूच म्हणाल्या, “घरांत कोणाला कळूं देऊं नको.”

त्या दिवसांत असे डबे पुष्कळ घरांतून बाहेर आले. काळा पैसा कोणता याची चर्चा वर्तमानपत्रांत चालली होती. पण नवऱ्यापासून व मुलापासून राखलेल्या या पैशाला कोणता रंग द्यावा, हें कोणीं लिहिल्याचें आमच्या वाचनांत आलें नाहीं. रद्द झालेल्या १५.४१ लक्ष कोटींपैकीं १५.३१ लक्ष कोटी रुपये परत आले, असें रिझर्व्ह बँकेनें २०१८ सालीं सांगितलें. त्यांत हा डबाही होता.

खातें उघडलें. खातें अंगठ्याचें, म्हणून पैसे काढावयास स्वतः यावें लागेल, असें आम्हीं सांगितलें. हा नियम त्यांस फारच पसंत पडला. पासबुक ठेवण्याची सोयही त्यांनींच काढली. प्लास्टिकच्या पिशवींत घालून बाजारांतील आपल्या फळीच्या खालीं!

दुसऱ्या दिवशीं वरिष्ठांनीं आम्हांस बोलावून घेतलें. त्या तिमाहींत आमच्या नांवावर विम्याच्या दोनच पॉलिसी होत्या, आणि कायम होण्याचा अहवाल जवळ आला होता. मावशींच्या पैशांची पॉलिसी करावी, असा त्यांचा स्पष्ट इशारा होता. पुढच्या खेपेस आम्हीं मावशींस दोन्ही गोष्टी समजावून दिल्या. एकींत दरवर्षीं हप्ता भरावयाचा आणि पांच वर्षें पैसे अडकवावयाचे. दुसरी साधी मुदत ठेव.

“मधेंच लागले तर?”

“पॉलिसींतले मिळणार नाहींत, मावशी.”

“मग डब्यानें काय वाईट केलं होतं?”

चाळीस हजारांची एका वर्षाची ठेव आम्हीं त्याच दिवशीं लिहिली. आमच्या अहवालांत ‘विक्रीकौशल्य सुमार’ असा शेरा पडला आणि परिविक्षा सहा महिन्यांनीं वाढली. पगारवाढ लांबली. आत्याबाईंस हें कसें सांगावें, याचाच विचार त्या वेळीं आम्हांस अधिक पडला होता.

ठेवीची मुदत भरली तेव्हां आमची वाढीव परिविक्षा अजून संपावयाची होती. मावशी पाटी दाराबाहेर ठेवून आंत आल्या. तीन हजारांच्या आसपास व्याज झालें होतें; तें त्यांनीं नोट न् नोट मोजून कमरेस लावलें आणि मुद्दल पुन्हां वर्षभर ठेवण्यास सांगितलें. मग नामनिर्देशनाचा कागद मागितला. पूर्वी लेकीचें नांव होतें. आतां त्यांस नातीचें घालावयाचें होतें, कारण ती कॉलेजांत जाणार होती. आम्हीं नांव लिहिलें, आणि त्यांनीं ओला हात लुगड्याला पुसून अंगठा उठविला.

“तिलापण सांगूं नको,” त्या म्हणाल्या, आणि पाटी उचलून गेल्या.