काय करूलालीस?

“काय करूलालीस गं?” आजीचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. आणि नववीपर्यंत माझं उत्तरही ठरलेलं, “आजी, ‘काय करतेयस’ म्हण ना!”

एकदा ती मुंबईला आली होती. माझ्या मैत्रिणींसमोर असंच काहीतरी बोलली. त्या हसल्या. मीही हसले, आणि ते आजीनं पाहिलं. त्यानंतर घरी कुणी मैत्रीण आली की ती गपचूप स्वयंपाकघरात जाऊन बसायची. मीही कधी “बाहेर ये” म्हटलं नाही.

आजी भालकीजवळच्या एका खेड्यात मामाकडे राहते. जिल्हा बिदर, राज्य कर्नाटक, घरात मराठी. २०२४ ची येळवस ऐन नाताळच्या सुट्टीत, ३० डिसेंबरला आली, तेव्हा आईनं फर्मान काढलं, “या वेळी जायचंच.” येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. लातूरपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळे शेतात जेवायला जातात.

रात्री सीएसएमटीहून बिदरची गाडी धरली. सकाळी समोरच्या बाकावरच्या काकू फोनवर ओरडून सांगत होत्या, “गाडी उदगीरला येऊलाली, तुम्ही निघा!” मी झोपेतून ताडकन उठले. पलीकडचे काका कुणाला तरी “काय करूलालास?” विचारत होते. म्हणजे माझ्या आजीची ‘चूक’ अख्खा डबा करत होता! उदगीरनंतर पाट्यांवर कन्नड दिसू लागलं, बोलणं मात्र तेच राहिलं.

मामाला विचारलं, तर तो म्हणाला, “बदलेल कसं? १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर आमच्या बिदर जिल्ह्यातच होते. रेघ नंतर आली.” मामा कन्नड शाळेत शिकवतो. त्यानं आणखी एक गंमत सांगितली. ‘करूलालीस’ म्हणजे ‘करू लागली आहेस’. आणि इकडच्या कन्नडमध्ये ‘मी करतोय’ला म्हणतात ‘माडाकत्तीनि’. त्यातलं ‘हत्तु’ म्हणजे आपलं ‘लागणे’च! शेजारी राहून राहून दोन भाषांना एकच सवय लागली. आणि मी तिला अशुद्ध म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मामानं बिदर दाखवलं. बहमनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी इथं आणली, त्यांचा तो अवाढव्य लाल किल्ला. रंगीन महालात काळ्या दगडात बसवलेले शिंपले अजून चमकतात. मग इराणहून आलेल्या महमूद गावान या वजिरानं १४७२ मध्ये बांधलेला मदरसा. अर्धी इमारत कोसळलेली, पण उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे आहेत. दामाजीपंतांचं कर्ज फेडायला विठू महार ज्या बादशहाच्या दरबारात गेला, तो हाच बिदरचा, हे आजीनं लहानपणी सांगितलं होतं. तेव्हा मला बिदर हे गोष्टीतलंच गाव वाटायचं.

बिदरी कामाच्या दुकानात मात्र मी तासभर हलले नाही. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून त्यात भांडं घालतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच पांढरी राहते. माती बरोबर आहे की नाही, हे कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून ओळखतात! कारागीर मामाशी दखनीत बोलत होता, गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत.

शहर झपाट्यानं बदलतंय. २०१७ मध्ये कलबुर्गीला थेट रेल्वे झाली, २०२० मध्ये विमानतळावरून प्रवासी विमान उडालं. मामा अजून ‘गुलबर्गा’च म्हणतो, त्याची मुलगी ‘कलबुर्गी’. तिला इंजिनीअर व्हायचंय. ती इंग्रजी शाळेत जाते, मैत्रिणींशी कन्नड बोलते. आजीनं काही विचारलं की “हो”, “नाही”, एवढंच मराठी. मला तिच्यावर रागावता येईना. मी तर मराठीच बोलत होते, तरी आजीला गप्प केलंच होतं.

येळवसेच्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभी केली होती. आत पाच पांडवांची पूजा झाली. मग पंगत. भज्जी म्हटल्यावर मी तळलेल्या भज्यांची वाट बघत होते. आली ती वाटाणा, तूर, वाल, पालेभाज्या असं सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेली आंबटसर, दाट भाजी. सोबत वाफवलेले बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील, म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ. पहिला घोट घेताना तोंड वाकडं झालं. तिसऱ्या घोटाला मी वाटी पुढे केली. तेवढ्यात डोक्यावरून बिदरच्या वायुसेना तळाचं विमान कान फाडत गेलं. मी एकटीच दचकले.

आजी समोर येऊन बसली. “खाऊलालीस का नुसतं बघूलालीस?”

मी जोरात तिच्याच बोलीत उत्तर दिलं, पण क्रियापद भलतंच निघालं. सगळी पंगत हसली. मामाची मुलगीही हसली, आजी तर पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं मला नीट म्हणायला लावलं, दोनदा. आणि मामाच्या मुलीला म्हणाली, “आता तू म्हण.” तिनंही म्हटलं.

त्या जुन्या दुपारबद्दल “चुकले” असं म्हणायचं मी मुंबईहून ठरवून आले होते. हात धुताना म्हणाले. आजी म्हणाली, “मला कुठं आठवतंय?” तिला चांगलं आठवत होतं.

आता फोन मी आधी करते. तिनं उचलला की मीच पहिल्यांदा विचारते, “आजी, काय करूलालीस?”