पणजीचे माहेरचे नाव

आमच्या घराण्याची वंशावळ मोठी ऐटदार! नेवाशाहून आलेल्या त्या मोडी कागदावर सात पिढ्या उतरल्या आहेत. पण त्यांत बाईमाणूस औषधालासुद्धा नाही. जणू बाप्यांनाच बाप्ये झाले!

यंदा तो कागद संगणकात उतरवायला घेतला. त्यासाठी 'ग्रॅम्प्स' नावाची, २००१ सालापासून चालत आलेली प्रणाली फुकट मिळते. एकेका माणसाचे नाव, जन्म आणि ही माहिती कुठून मिळाली, ते भरत जावे. पण कुटुंब मांडायला घ्यावे, तर बापाशेजारी आईचाही रकाना! तो रिकामा ठेवला तरी यंत्र कुरकुरत नाही. आपल्याला मात्र चैन पडत नाही.

आत्याबाईंना विचारले. म्हणाल्या, "अरे, सासरचे नाव सांगते. माहेरचे कोण लक्षात ठेवतो?" एकाच व्यक्तीची दोन नावे तिथे नोंदता येतात, म्हणून निम्मे काम झाले. पुढे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या यात्रेची नोंद सापडली. तीतही पणजीचे सासरचेच नाव!

चौंडीच्या शिंद्यांची लेक अहिल्याबाई. २०२४ साली साऱ्या जिल्ह्याला तिचे नाव मिळाले. मग आमच्या पणजीला घरच्या वंशावळीत एक ओळ नको?

वाचकहो, भाऊबिजेला आत्याबाई येतील, तेव्हा फराळाबरोबर वही-पेन्सिलही पुढे ठेवा. संगणकाचे मागाहून पाहू. आधी माहेरची नावे विचारून घ्या.